किलकिले डोळे तसेच ठेवणारे दुकान

नागपूरच्या महाल भागात, चितार ओळीपासून चालत पोहोचता येईल अशा एका गल्लीत, खराब झालेली जुनी छायाचित्रे दुरुस्त करून त्यांना फ्रेम बसवून देणारे एक लहानसे दुकान आहे. हे काम आता मोबाइलवरील ॲप क्षणात आणि बहुधा फुकट करून देतात, त्यामुळे पैसे मोजून वर कित्येक दिवस वाट पाहणाऱ्या ग्राहकाला येथे वेगळे काय मिळते, हा प्रश्न रास्तच आहे. माझ्या मते, कुठे हात लावायचा नाही याची जाण येथे मिळते, आणि दुरुस्त झालेले छायाचित्र पाहून माणूस गलबलतो की नुसतेच ‘छान’ म्हणून बाजूला ठेवतो, हे त्या जाणिवेवरच ठरते.

आम्ही दिलेले छायाचित्र आजीचे होते. कृष्णधवल, पोस्टकार्डाएवढे, भर उन्हात उभी असल्याने डोळे किलकिले झालेले आणि लुगड्याचा पदर मुठीत घट्ट धरलेला. अनेक पावसाळ्यांच्या ओलीने प्रत फ्रेमच्या काचेला चिकटली होती. दुकानदारांनी ती ओढून सोडवली नाही, कारण तसे केल्यास प्रतिमेचा थर काचेवरच राहून जातो. त्यांनी काचेसकट स्कॅन केले. गडद भागावरची निळसर चकाकी म्हणजे थरातली चांदी पृष्ठभागावर आल्याची खूण असते, आणि सत्तर-ऐंशीच्या दशकांतले बरेच रंगीत फोटो लालसर दिसतात ते त्यांतला निळसर रंग आधी विरल्यामुळे, हेही त्यांनी समजावून सांगितले.

तुलनेसाठी त्यांनी संगणकाने आपोआप केलेला नमुनाही दाखवला. त्यात आजीचे डोळे टक्क उघडे होते, गालावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या आणि लुगडे पोपटी झाले होते. आत्याबाईंनी एकदाच पाहिले आणि म्हणाल्या, “ही कोण बाई? आमची माय नाही ही.” संगणक असंख्य चेहऱ्यांवरून शिकलेला सर्वसाधारण चेहरा रिकाम्या जागी बसवतो, आपली माया मात्र त्या एका माणसाच्या लकबीत गुंतलेली असते. पुढे हाताने केलेल्या प्रतीत चेहऱ्यावरून गेलेली घडीची रेघ तेवढी काढलेली होती, डोळे आणि मूठ जशीच्या तशी. ती पाहून आत्याबाई रडल्या, आणि लगेच, फोटो काढणाऱ्याने आजीला उन्हात का उभे केले यावरून घरात वादही जुंपला. तयार फ्रेम दुकानदार एकदम समोर धरत नाहीत, कागदात गुंडाळून देतात आणि बाकावर बसून उघडायला सांगतात. ही पद्धत अनुभवातूनच आली असावी.

प्रतिमेचे हे सामर्थ्य नागपूरकरांना नवे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीतल्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या पुतळ्यांना उद्देशून लोक ज्या त्वेषाने ओरडतात, तो त्वेष माणसाने घडवलेल्या आकृतीवरच असतो, हे त्यांतल्या कोणाला ठाऊक नसते असे नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या भूमीवर धम्मदीक्षा झाली, तेथे दसऱ्याच्या सुमारास येणाऱ्या अनेकांच्या हातात परतताना बाबासाहेबांची किंवा बुद्धांची तसबीर असते, आणि घरी ती भिंतीवरच्या मानाच्या जागी लागते. त्या दिवसांत या दुकानातही अशा फ्रेमची मागणी वाढते. बाबासाहेबांच्या छायाचित्रात चेहरा अधिक गोरा, अधिक गुळगुळीत करून देण्याची विनंती आली तर ते नकार देतात. धंद्याच्या दृष्टीने हा हट्ट महागाचा असेल, पण मला तो पटला.

तक्रारी आहेत. पोळ्याआधी देतो म्हणून सांगितलेले काम गणपती उठल्यानंतर मिळाले आणि मध्ये फोनही उचलला गेला नाही. फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे नीट जुळलेले नव्हते, ते पुन्हा करून घ्यावे लागले. दर आधी लिहून घ्यावा, कारण दुरुस्ती, छपाई आणि फ्रेम यांची आकारणी वेगवेगळी होते. काच छायाचित्राला टेकू नये म्हणून मध्ये जाड कागदाचा माउंट घालायला आवर्जून सांगावे. त्याचे पैसे वेगळे पडले तरी तेथे काटकसर करू नये. मूळ प्रत परत घेताना स्कॅनची फाइलही मागावी, आणि त्यासाठी पेनड्राइव्ह आपलाच न्यावा. महालातल्या त्या गल्लीत चारचाकी नेण्याचा विचार करू नये.