माझंच डिझाइन खोट्या टी-शर्टांवर चिकटवून मला ६९,६३० रुपयांना फसवलं

बाहेरगावाहून टी-शर्ट, जर्सी, हुडी छापून घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. गणपती, नवरात्र, शाळांची गॅदरिंग अशा हंगामी ऑर्डरी घेणाऱ्यांनी तर नक्कीच. "माल तयार आहे, फोटो टाकलेत, उरलेले पैसे पाठवा" असा निरोप आला की हात आवरा. मला आलेले फोटो मालाचे नव्हतेच. मी पाठवलेली डिझाइनची फाइल एका तयार टेम्प्लेटमध्ये टाकून बनवलेली ती चित्रं होती. माल कधी अस्तित्वातच नव्हता.

मी तालुक्याच्या गावी घरून डिझाइनचं काम करते. मंडळं, जिम, क्लासेस यांना फोटोशॉपमध्ये मॉकअप (छापलेला माल कसा दिसेल याचं चित्र) करून दाखवायचं, त्यांनी पसंत केलं की छपाई बाहेरून करून माल द्यायचा, असा व्यवसाय आहे. २०२५ साली एका ढोल-ताशा पथकाची २४० टी-शर्टांची ऑर्डर मिळाली. काळा गोलगळा, १८० जीएसएम (चौरस मीटरला १८० ग्रॅम वजनाचं) कॉटन, छातीवर भगवा-पांढरा दुरंगी प्रिंट, पाठीवर पथकाचं नाव. नगाला ३३५ प्रमाणे ८०,४०० ठरले आणि पथकाने ४०,००० आगाऊ दिले. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, त्यांना माल २० तारखेपर्यंत हवा होता.

माझा नेहमीचा छपाईवाला हंगामामुळे भरलेला होता. तेव्हा समाजमाध्यमावर तामिळनाडूतल्या तिरुपूरच्या एका टी-शर्ट छापणाऱ्या युनिटचं पान दिसलं. दर २६५, वर पाच टक्के जीएसटी. म्हणजे ६३,६०० अधिक ३,१८०, एकूण ६६,७८०. हा दर ऐकून संशय यायला हवा होता असं मला नंतर अनेकांनी ऐकवलं. ज्यांनी कधी तिरुपूरहून माल मागवलेला नाही, त्यांनी हे बोलू नये. होजिअरीचं एवढं मोठं केंद्र देशात दुसरं नाही, आणि तिथून थेट घेतलं तर असे दर खरोखर मिळतात. फसवणाऱ्याने दर विचार करूनच ठरवला होता. १५० म्हणाला असता तर मी फोन ठेवला असता.

मी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. आधी ४५० रुपये भरून नमुना मागवला. तो आला. कापड चांगलं होतं, धुऊन पाहिलं, रंग गेला नाही. जीएसटी क्रमांक मागितला, पोर्टलवर टाकून पाहिला. सुरुवातीचे दोन आकडे ३३, म्हणजे तामिळनाडू. नोंदणी चालू. एवढं कोण तपासतं? मी तपासलं. पण तो क्रमांक एका खऱ्या, वेगळ्याच फर्मचा होता आणि या माणसाने तो आपल्या बिलावर छापला होता. क्रमांक चालू आहे म्हणजे समोरचा माणूस तोच आहे, असं होत नाही. पोर्टलवर फर्मचं नाव आणि पत्ता दिसतो. त्या नावाचा फोन दुसरीकडून शोधा आणि त्यावर बोला. समोरच्याने दिलेल्या नंबरवर बोलून काही सिद्ध होत नाही. नमुन्याचंही तसंच. एक चांगला टी-शर्ट कोणीही बाजारातून घेऊन कुरिअर करू शकतो.

२४ जुलैला निम्मे, ३३,३९० रुपये, पाठवले. खातं एका व्यक्तीच्या नावाने होतं. विचारलं तर म्हणाला, "मॅडम, अकाउंटंट का है, करंट अकाउंट में लिमिट का इश्यू चल रहा है." आता बँकेच्या ॲपमध्ये पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं, ते मी पाहिलं होतं. पण आमच्या धंद्यात निम्मे लोक बायकोच्या, मेहुण्याच्या खात्यावर पैसे घेतात. माझा नेहमीचा छपाईवालासुद्धा मुलाच्या नंबरवर घेतो. तरी सांगते, बिल एका नावाने आणि खातं दुसऱ्याच्या नावाने असेल तर एक रुपयाही टाकू नका, कारण काहीही सांगोत.

आता ९ ऑगस्टबद्दल. हे लिहिताना अजून हात थरथरतात.

नारळी पौर्णिमेचा दिवस, घरात पाहुणे. संध्याकाळी व्हॉट्सॲपवर चार फोटो आले: पसरून ठेवलेला टी-शर्ट, त्याची पाठ, एक्सएल साइज आणि टेबलावरचा गठ्ठा. खाली निरोप: आज उरलेले पैसे आले तर सोमवारी गाडीत चढवतो, नाहीतर सणाच्या गर्दीत पुढची गाडी चार दिवसांनी. मी पहिला फोटो मोठा करून पाहिला. काय पाहिलं? पथकाच्या नावातल्या वेलांट्या आणि जोडाक्षरं. छपाईत आधी तेच बघतात, कारण दक्षिणेतल्या कारागिराला देवनागरी येत नाही आणि एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर २४० नग परत येतात. अक्षरं तंतोतंत बरोबर होती. असणारच, ती माझ्याच फाइलमधली होती.

आणि त्याच अक्षरांच्या खालून उजव्या काखेपासून पोटापर्यंत एक ठळक चुणी गेली होती.

कापडावर खरोखर छापलेलं असेल तर चुणी जिथे वळते तिथे छपाईही वळते. अक्षराची कड आत जाते, मोडते, पुन्हा वर येते. त्या फोटोत कड पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. चुणीची सावली मात्र अक्षरांवर व्यवस्थित पडली होती, आणि त्या सावलीने मला फसवलं. मॉकअप करणाऱ्यांना हे लगेच कळेल. टी-शर्टचा कोरा फोटो करडा करायचा, काँट्रास्ट वाढवायचा, किंचित ब्लर करायचा, वेगळी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) म्हणून सेव्ह करायचा आणि फिल्टरमधल्या डिस्टॉर्टखालचं डिस्प्लेस वापरून डिझाइन त्या उंचसखलपणावर सरकवायचं. तेव्हा कुठे कडा वळतात. नुसता लेअरचा ब्लेंड मोड बदलला किंवा सावल्यांचा लेअर वर ठेवला तर उजेड-अंधार येतो, आकार येत नाही. त्या माणसाने दुसरं काम केलं होतं, पहिलं केलं नव्हतं. आळशीपणाने बनवलेलं मॉकअप होतं ते. नवख्या मुलांचं काम तपासताना मी ही खोट पहिल्या नजरेत पकडते.

बाकीच्या खुणाही तिथेच होत्या. छातीच्या फोटोत कॉलरच्या डाव्या बाजूला एक पांढरा धागा चिकटलेला होता. एक्सएलच्या फोटोतही तोच धागा, त्याच जागी, त्याच वळणाचा. स्मार्ट ऑब्जेक्टचं टेम्प्लेट असलं की असंच होतं. आतलं डिझाइन बदलून सेव्ह केलं की वरचं चित्र बदलतं, कापड तेच राहतं. रंगही पाहा. काळ्या कापडावर भगवा छापायचा तर आधी पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो. तो देऊनही कापडावरचा भगवा स्क्रीनवरच्यासारखा झळझळीत दिसत नाही. नंतर मी आयड्रॉपरने त्या फोटोतला रंग उचलला. माझ्या फाइलमधला भगवा आणि तो, फरक नावापुरता. फोटो पुन्हा सेव्ह होताना पडतो तेवढाच.

हे मी त्या संध्याकाळी केलं असतं तर ३३,३९० रुपये वाचले असते. पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर, दाबून लहान झालेल्या फोटोत, स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये उभं राहून, पथकप्रमुखांचा "ताई, माल निघाला का?" हा फोन चालू असताना, कोण चुण्या तपासतं? माझा रोजचा उद्योग मॉकअपचा असला तरी माल म्हणून आलेल्या फोटोकडे कोणी मॉकअप म्हणून बघत नाही. मी दुसरे ३३,३९० पाठवले.

१२ तारखेला वाहतुकीचे २,४०० मागितले आणि बिल्टीचा (वाहतूक कंपनीच्या पावतीचा) फोटो पाठवला. तेही दिले. बिल्टीचा नंबर वाहतूक कंपनीच्या साइटवर सापडेना. तो म्हणाला, दोन दिवसांत अपडेट होईल. १४ तारखेला त्याचा फोन बंद. त्या रात्री सगळे फोटो लॅपटॉपवर उघडले. बिल्टीचा कागद मधोमध घडी पडलेला होता आणि नंबर त्या घडीवरून सरळ गेला होता. तीच लबाडी, त्याच हाताची.

४५०, ३३,३९०, ३३,३९० आणि २,४००. एकूण ६९,६३०.

त्याच रात्री १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिथे प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर) लागतो, तो आधीच लिहून ठेवा. पैसे गेल्यावर पहिल्या काही तासांतच फोन करणं महत्त्वाचं, तोवर ते पुढच्या खात्यात गेलेले नसण्याची शक्यता असते. माझे मोठे पैसे जाऊन पाच दिवस झाले होते, कारण फसवणूक झाली हे कळायलाच तेवढा वेळ लागला. अशा फसवणुकीत 'लगेच फोन करा' हा सल्ला कसा पाळायचा, हे कोणी सांगत नाही.

आमच्या पोलीस ठाण्यात जे झालं ते आयुष्यभर लक्षात राहील. पहिला प्रश्न: "मॅडम, तुम्ही स्वतः डिझायनर ना? मग तुम्हालाच कसं नाही कळलं?" डॉक्टरच्या घरी चोरी झाली तर त्याच्या डिग्रीची चौकशी करता का? मग म्हणाले, हा व्यवहारातला वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. ऑर्डर दिली, माल आला नाही, यात गुन्हा काय? गुन्हा हा की, नसलेला माल आहे असं दाखवणारी खोटी चित्रं बनवून, दुसऱ्याचा जीएसटी क्रमांक लावून, पैसे घेतले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड आहे. मी ही कलमं लिहून नेली होती. त्यांनी कागद बाजूला ठेवला. दोन फोटो शेजारी ठेवून दोन्हींतला धागा दाखवला, तर साहेब म्हणाले, "फोटोवरून काही ठरत नसतं." बंदोबस्त आहे, विसर्जन झाल्यावर या. विसर्जन झाल्यावर गेले तर ते अधिकारी बदलले होते आणि मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. तिरुपूरला जावं लागेल, खर्च कोण करणार, असंही मलाच विचारलं. एफआयआर अजून नाही. अर्जाची पोच आहे, तिच्यावरचा शिक्कासुद्धा मागून घ्यावा लागला.

बँकेने सांगितलं, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, ओटीपी तुम्हीच टाकलात, त्यामुळे परतीचा नियम लागू नाही. पुढच्या बँकेत चौकशी झाली तेव्हा त्या खात्यात १,११२ रुपये उरले होते. ते गोठवलेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाची पहिली फी त्याहून जास्त आहे. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, पुनर्विक्रीसाठी माल घेणारा कायद्याने ग्राहक धरला जात नाही. म्हणजे पोलिसांना मी व्यापारी वाटते म्हणून गुन्हा नाही, आणि ग्राहक आयोगासाठीही मी व्यापारी म्हणून दाद नाही. घरून चार पैसे कमावणाऱ्या बाईने जायचं कुठे?

पथकाला मात्र माल दिला. नेहमीच्या छपाईवाल्याच्या पाया पडले, त्याने रात्री जागून २९८ दराने २४० नग काढून दिले. ७१,५२० लागले, दागिना गहाण ठेवून भरले. पथकाने ठरलेले ८०,४०० पूर्ण दिले, त्यांचे उपकार आहेत. हिशोब केला तर माझे निव्वळ ६०,७५० गेले.

ऑर्डर देताना थरांची मूळ फाइल, व्हेक्टर फाइल आधी देऊ नका. सुरुवातीला वॉटरमार्क टाकलेली लहान जेपीजी पुरे. तयार मालाचा फोटो स्वीकारूच नका, व्हिडिओ कॉलच करा. कॉलवर टी-शर्ट चुरगाळायला सांगा, छपाईवर नख घासायला सांगा, उलटा करून आतली बाजू दाखवायला सांगा. तुम्ही त्या क्षणी सांगाल तो शब्द कागदावर लिहून टी-शर्टाशेजारी धरायला सांगा. तयार चित्रात हे जमत नाही. उरलेली रक्कम बिल्टीचा नंबर वाहतूक कंपनीच्या कार्यालयात फोन करून पडताळल्यावरच द्या. आणि फोटो फोनवर पाहून निर्णय नको. मोठ्या पडद्यावर, दोनशे टक्के मोठा करून, चुणीवरून जाणारी अक्षराची कड बघा.

ते पान नाव बदलून पुन्हा सुरू झालं आहे. मी तक्रार केली, तर नियमांचा भंग होत नाही असं यंत्राने उत्तर दिलं. आता तिथे दांडियाचे आणि क्रिकेट क्लबचे टी-शर्ट आहेत. कापड तेच काळं, कॉलरच्या डाव्या बाजूला तोच पांढरा धागा, उजव्या काखेपासून पोटापर्यंत तीच चुणी. कुणाला हा फोटो आला असेल तर चॅट पुसू नका, खातं क्रमांक आणि यूटीआर जपून ठेवा आणि आपापल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. दोन वेगळ्या गावांतून एकाच फोटोच्या दोन तक्रारी गेल्या, तर याला कोणी व्यवहारातला वाद म्हणू शकणार नाही.