कॅलप्रोटेक्टिन तपासणी: दुर्बिणीआधी विचारून पाहावी अशी
कधी जुलाब, कधी बद्धकोष्ठ, मुरडा मात्र कायम. हे आयबीएस (सूज नसताना आतड्याचं काम बिघडणं) की क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिससारखी आतड्याची सूज, हे नुसत्या लक्षणांवरून ठरेना. डॉक्टरांनी शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी सांगितली. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शौचात वाढतं; आयबीएसमध्ये सहसा वाढत नाही. माझा आकडा ग्रॅममागे ५० मायक्रोग्रॅमच्या खाली आला, कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी) टळली. केवढा जीव भांड्यात पडला! सुई नाही, नमुना घरीच डबीत घ्यायचा. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी किंवा जंतुसंसर्गानेही आकडा चढतो. लॅबने हे आधी विचारायला हवं होतं. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, घटतं वजन असेल तर मात्र या रिपोर्टवर थांबू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.