वॉट की डोनाल्ड : आधी कोणाचे सामने पाहावेत?

माझा पुतण्या टेक्ससमध्ये शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात डिफेन्सिव्ह लाइनवर, म्हणजे बचावाच्या पहिल्या फळीत खेळतो. मागच्या हंगामाआधी त्याने विचारलं, "काका, एकाच्याच सगळ्या जुन्या मॅचेस बघायच्या तर कोणाच्या बघू? वॉटच्या की डोनाल्डच्या?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले दोघांचेही हंगाम मी जीव लावून पाहिलेत, आणि एकाचं नाव घेताना दुसऱ्यावर अन्याय होतोय असं मला अजूनही वाटतं. हा आढावा त्याच्यासाठी, आणि याच प्रश्नाशी अडलेल्या आणखी कोणासाठी.

नुसते आकडे मांडले तर निवड होतच नाही. जे. जे. वॉट : 12 हंगाम, 151 सामने, 114.5 सॅक. ॲरन डोनाल्ड : 10 हंगाम, 154 सामने, 111 सॅक. (पास सुटायच्या आत तो देणाऱ्या क्वार्टरबॅकला मागेच लोळवलं की सॅक, दोघांनी मिळून लोळवलं तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धा.) वर्षातला सर्वोत्तम बचावपटू हा किताब दोघांनाही तीन-तीनदा मिळाला. वॉटला 2012, 2014 आणि 2015 मध्ये, डोनाल्डला 2017, 2018 आणि 2020 मध्ये. त्यांच्याआधी तीनदा तो मिळवणारा एकटा लॉरेन्स टेलर. एका हंगामातला उच्चांकही दोघांचा एकच, 20.5, वॉटने तो दोनदा गाठला. आणखी एक योगायोग मला फार आवडतो. वॉट 2012 मध्ये बहरला तेव्हा त्याच्या ह्यूस्टन टेक्सन्स संघाचा बचाव प्रशिक्षक वेड फिलिप्स यांच्याकडे होता, आणि डोनाल्डला 2017 आणि 2018 चे किताब मिळाले तेव्हा त्याच्या रॅम्स संघाचा बचावही त्यांच्याकडेच होता.

खरा फरक दिसतो तो मैदानावर उभं राहण्याच्या जागेत आणि अंगकाठीत. वॉट 6 फूट 5 इंच, लांब हातांचा, बहुतेक वेळा लाइनच्या कडेला, पण प्रशिक्षक त्याला आत-बाहेर कुठेही उभं करत. डोनाल्ड 6 फूट 1 इंच, म्हणजे या जागेसाठी बुटकाच, आणि खेळायचा मधोमध, आक्रमणातल्या गार्ड या धिप्पाड अडवणाऱ्या खेळाडूच्या खांद्यासमोर. वजनात दोघांमध्ये नाव घेण्याजोगा फरक नाही. कडेच्या खेळाडूला वळसा घालून धावायला जागा असते. मधल्याला ती नसते. समोर दीडशे किलोच्या आसपासचा गडी, आणि दुसरा बाजूने खांदा लावायला तयार. म्हणूनच 2018 मध्ये मधून खेळून डोनाल्डने काढलेले 20.5 सॅक मला वॉटच्या त्याच आकड्याहून अवघड वाटतात. त्या जागेवरून इतके सॅक त्याआधी कोणीच काढले नव्हते. शिवाय त्या वर्षी कराराच्या वाटाघाटींमुळे त्याने सरावाचं अख्खं शिबिर सोडलं होतं आणि पहिल्या सामन्याच्या काही दिवस आधी तो संघात आला होता.

नवख्या प्रेक्षकाला मात्र डोनाल्ड दिसतच नाही, ही अडचण आहे. आपली नजर चेंडूवर असते, आणि त्याची करामत चेंडू हलल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या सेकंदात घडून जाते. समोरच्याचे हात छातीला लागायच्या आत तो ते मनगटाशी झटकतो आणि कमरेतून वाकून खांद्याखालून आत शिरतो. कुस्ती पाहिलेल्या माणसाला हे लगेच कळेल. उंच मल्लाच्या कवेखाली बुटका शिरला की उंचीचा उपयोग संपतो. हातांच्या या वेगासाठी तो खोट्या सुऱ्या समोर धरून सराव करायचा.

वॉट पाहायला डोळे तयार करावे लागत नाहीत. पहिल्याच हंगामात, 7 जानेवारी 2012 ला, सिनसिनाटीविरुद्ध टेक्सन्सचा इतिहासातला पहिला प्लेऑफ (बाद फेरीचा) सामना होता. 10-10 अशी बरोबरी. क्वार्टरबॅक अँडी डाल्टनने मारलेला पास वॉटने लाइनवरच उभं राहून दोन्ही हातांनी झेलला आणि 29 यार्ड धावत टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवले. ज्याच्या नावाला ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) दिवशी ह्यूस्टनच्याच चाहत्यांनी नाकं मुरडली होती, त्याने ते स्टेडियम डोक्यावर घेतलं. पुढच्या, 2012 च्या हंगामात 20.5 सॅकसोबत 16 पास अडवले. लाइनवरच्या खेळाडूने एवढे पास हाताने पाडणं हे त्यावेळी कोणाच्या कल्पनेतही नव्हतं. 2014 मध्ये तर त्याचे पाच टचडाउन आहेत : एक अडवलेल्या पासवर 80 यार्ड धावून, एक सुटलेला चेंडू उचलून, आणि तीन चक्क आक्रमणात जाऊन, टाइट एंड म्हणून झेल घेऊन. त्या वर्षी लीगच्या सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात ॲरन रॉजर्सला 31 मतं होती आणि वॉटला 13. बचावपटूला इतकी मतं क्वचितच मिळतात.

ते झेल आकाशातून पडले नव्हते. कॉलेजात तो मूळचा टाइट एंडच. सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून तो विस्कॉन्सिनला गेला, तिथे संघात पक्की जागाही नव्हती, मधल्या काळात घरोघरी पिझ्झा पोचवले, आणि तिथून 2011 च्या ड्राफ्टमध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. डोनाल्डची वाट अधिक सरळ, पण कमी कष्टाची नव्हे : पिट्सबर्गचा मुलगा, वडील पहाटे साडेचारला उठवून तळघरात वजनं उचलायला लावायचे, कॉलेजही गावातलंच. उंची कमी म्हणून 2014 च्या ड्राफ्टमध्ये तेरावा. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवखा बचावपटूही तोच ठरला.

इथून पुढचा भाग मी पुतण्यापेक्षा त्याच्या घरच्यांसाठी लिहितोय. वॉटच्या पहिल्या पाच हंगामांत एकही सामना चुकला नाही, आणि सॅक 74.5. पुढच्या सात हंगामांत मिळून 40. 2016 मध्ये पाठीच्या मणक्यातल्या चकतीची शस्त्रक्रिया, घाईने परतला, तीन सामन्यांत पुन्हा तेच, पुन्हा शस्त्रक्रिया. 2017 मध्ये पाचव्या सामन्यात गुडघ्याखालचं हाड मोडलं. 2019 मध्ये छातीचा स्नायू फाटला. प्रत्येक वेळी तो उठला. 2018 मध्ये 16 सॅक, अखेरच्या 2022 च्या हंगामात 12.5. त्याच हंगामात हृदयाचे ठोके अनियमित झाल्याने विजेचा झटका देऊन ते पूर्ववत करावे लागले, आणि काही दिवसांतच तो मैदानात होता. हे वाचून काहींना स्फूर्ती येते. मला मात्र ते सामने आता पाहवत नाहीत.

डोनाल्डचं शरीर दहा वर्षं टिकलं. मोठी म्हणावी अशी दुखापत एकच, 2022 मध्ये घोट्याची. दहाही हंगामांत तो प्रो बोलसाठी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये निवडला गेला. मार्च 2024 मध्ये, तिशी ओलांडून तीन वर्षंही झालेली नसताना, अजून उत्तम खेळत असताना तो थांबला.

विजेतेपदाचं पारडंही त्याच्याच बाजूला झुकतं, जरी वॉटला त्यासाठी दोष देणं मला पटत नाही. एकट्या बचावपटूने संघ अंतिम फेरीत जात नाही. 13 फेब्रुवारी 2022 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात रॅम्स 23-20 ने पुढे, सिनसिनाटीला एक यार्ड हवा. चार प्रयत्नांपैकी तिसऱ्यात डोनाल्डने धावणाऱ्याला धरून थांबवलं, चौथ्यात क्वार्टरबॅक जो बरोला गरकन फिरवलं आणि पास वाया गेला. मग त्याने अनामिकेकडे बोट दाखवलं, विजेत्यांना मिळणाऱ्या अंगठीसाठी. त्याच प्लेऑफमध्ये, चार आठवडे आधी, वॉट खांद्याच्या शस्त्रक्रियेतून ॲरिझोना या आपल्या नव्या संघासाठी परतला होता, आणि रॅम्सनीच त्यांना 34-11 ने हरवलं. वॉटचा तो शेवटचा प्लेऑफ सामना.

मैदानाबाहेर मात्र वॉटची सर कोणाला नाही. 2017 च्या हार्वी वादळात ह्यूस्टन बुडालं तेव्हा त्याने दोन लाख डॉलर जमवायचं ठरवलं आणि 3.7 कोटींच्या वर जमले.

तर निवड अशी. खेळ नुकताच कळू लागला असेल तर वॉटचे 2012 आणि 2014. दहा मिनिटांत गोडी लागेल. स्वतः लाइनवर खेळत असाल, विशेषतः उंची कमी असेल, तर डोनाल्डचा 2018, आणि तोही चेंडूकडे न पाहता फक्त 99 नंबरच्या हातांकडे पाहत. (99 दोघांचाही.) वॉटसारखे हात आणि उंची शिकता येत नाही, डोनाल्डची ढब बरीचशी शिकता येते. पुतण्या 5 फूट 11 इंच आहे, त्याला मी डोनाल्ड दिला. दादा-वहिनींना मात्र वॉटचे 2016 ते 2019 हे हंगाम बघायला सांगितलेत, त्याच्या खेळण्याच्या परवानगीवर सही करायच्या आधी.