भाव ताटाचा नव्हता, १०० ग्रॅमचा होता

व्हॅटिकन म्युझियम बघून बाहेर पडलो तेव्हा दुपारचा दीड वाजून गेला होता. पायांचे तुकडे पडले होते आणि भुकेने आम्ही दोघं एकमेकांवर खेकसायला लागलो होतो. अशात एका दारासमोर खडूने लिहिलेला फळा दिसला, ‘मेनू तुरिस्तिको, १२ युरो’. शेजारी एक हसरा माणूस उभा. गिऱ्हाईक आत ओढणाऱ्या अशा माणसाला इटलीत ‘बुत्तादेंत्रो’ म्हणतात, हे मला नंतर कळलं. तो ‘नमस्ते’ म्हणाला आणि नवरा तिथेच विरघळला.

आत बसल्यावर कळलं की १२ युरोवालं जेवण संपलंय. तेव्हाच उठायला हवं होतं. पण खुर्चीत टेकल्यावर उठवत नाही, आणि पावाची टोपली न मागताच पुढ्यात आली होती. मी काचो ए पेपे मागवलं, १४ युरो. पास्ता, काळी मिरी आणि पेकोरिनो चीज, एवढंच त्यात असतं. (कट्टर शाकाहारी असाल तर ऐका: पेकोरिनो रोमानोसाठी दूध विरजायला कोकराच्या पोटातलं रेनेट वापरतात. वेटर ‘नो मीट’ म्हणून मोकळा होतो.)

नवऱ्यासाठी वेटर बर्फावर मांडलेला मासा ताटलीत घेऊन आला. स्पीगोला, चकचकीत डोळ्यांचा. ‘फ्रेश, माय फ्रेंड!’ कार्डावर त्याच्यापुढे ८ लिहिलं होतं. आठ युरोत अख्खा मासा! नवरा म्हणाला, “अगं, आपल्याकडच्या हॉटेलपेक्षा स्वस्त पडतोय.” घरी मासळीबाजारात वजनाचा काटा स्वतःकडे वळवून घेतल्याशिवाय हा माणूस पापलेट घेत नाही.

बिल आलं १३९ युरो आणि वर काही सेंट.

मासा ९६. त्या ८ च्या पुढे बारीक अक्षरांत ‘एत्तो’ लिहिलं होतं. एत्तो म्हणजे १०० ग्रॅम. वेटरच्या म्हणण्याप्रमाणे मासा १ किलो २०० ग्रॅमचा होता. आमच्यासमोर तो तोलला नव्हता, आणि ताटात आलेला मासा मला काही सव्वा किलोचा वाटला नाही. पण पुढ्यात नुसते काटे उरलेले असताना भांडायचं कशावर? मग कार्ड पुन्हा नीट बघितलं, तर माशाच्या नावाला चांदणीही होती आणि तळाशी तिचा खुलासा: गोठवलेला माल. दाखवलेला मासा वेगळा आणि शिजवलेला वेगळा, असं माझं ठाम मत आहे. सिद्ध मात्र करता येणार नाही.

पाणी ५. पाव माणशी ३. रोम ज्या लात्सिओ प्रदेशात येतं, तिथे ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसल्याचे माणशी पैसे, लावायला २००६ च्या प्रादेशिक कायद्याने मनाई केली. म्हणून तेच पैसे पावाच्या नावाने निघतात. पाव नको म्हणून परत पाठवता येतो. आम्ही तर तो कुरतडत बसलो होतो. शेवटी सर्व्हिस १५ टक्के, जी मेनूत कुठेच छापलेली नव्हती.

ही सगळी आकडेमोड ज्या कागदावर होती त्यावर ‘नॉन फिस्काले’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे ती कराची खरी पावती नव्हेच. मी ‘स्कोन्त्रीनो फिस्काले’ मागितली. वेटरचं हसू गेलं. नवऱ्याने फोनवर ११७ हा आकडा दाबून स्क्रीन त्याच्यासमोर धरली, लावला मात्र नाही. हा ग्वार्दिया दि फिनान्त्सा, म्हणजे तिथल्या करचोरी पकडणाऱ्या पोलिसांचा नंबर. दोन मिनिटांत खरी पावती आली, १२१ युरोची. सर्व्हिस गायब! मासा मात्र ९६ च.

इतकं होऊनही शेवटचा फटका बसलाच. कार्डाच्या मशीनवर युरो की रुपये असा प्रश्न येतो. वेटरने आमच्या वतीने रुपये दाबून टाकलं. रुपये निवडले की विनिमयदर मशीनवाले आपल्या मर्जीने लावतात आणि तो बहुधा आपल्या बँकेपेक्षा महाग असतो. मशीन आपल्या हातात घ्यायचं आणि युरोच दाबायचं, हे मला आधीपासून माहीत होतं. माहीत असून हात पुढे गेला नाही, याचाच जास्त राग येतो.

हॉटेलवर नवऱ्याने शोधून काढलं की २०१८ मध्ये व्हेनिसला चार जपानी विद्यार्थ्यांना एका जेवणाचं ११०० युरोंहून जास्त बिल लावलं होतं. ते वाचून त्याला जरा बरं वाटलं. मला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पीत्झा अल तालियोच्या दुकानात उभ्यानेच जेवलो. तिथेही पीत्झा वजनावरच विकतात. बाई सुरी टेकवून विचारते, एवढा? आपण मान हलवली की कापून काट्यावर ठेवते. नवरा पीत्झाकडे बघतच नव्हता. काट्यावरचा आकडा थांबेपर्यंत त्याने मान हलवली नाही.