पहिलं रूलबुक कोणतं घ्यावं: जाड खंड, स्टार्टर डबा, पातळ पुस्तिका की नुसती पीडीएफ?

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोलप्लेइंग गेमचं (एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेका पात्राची भूमिका करतात) रूलबुक दोन वेगळ्या प्रकारे वाचलं जातं. एक वाचन निवांत, चित्रं बघत, मनातल्या मनात साहस रचत. दुसरं ऐन खेळात, चार जण तोंडाकडे बघत असताना, ‘ग्रॅपल केलं, म्हणजे शत्रूला पकडून ठेवलं, तर नेमकं काय होतं?’ एवढंच शोधायला. दुकानात पुस्तक विकलं जातं ते पहिल्या वाचनाच्या जोरावर. त्याची लायकी कळते दुसऱ्या वाचनात. म्हणून इथले पर्याय मी दुसऱ्या वाचनावरच तोलले आहेत. तुम्ही पहिल्यांदाच गेम चालवणार आहात आणि खिसा एकदाच सैल करायची तयारी आहे, असं धरून चालतो.

आधी नजरेत भरतात ते जाडजूड हार्डकव्हर खंड. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (डीअँडडी) १९७४ साली आला तेव्हा लाकडासारख्या छपाईच्या खोक्यात तीन लहान पुस्तिका होत्या. तीनाचा तो आकडा आजही टिकून आहे, फक्त पुस्तिकांचे ठोकळे झाले: खेळाडूंसाठी ‘प्लेयर्स हँडबुक’, खेळ चालवणाऱ्यासाठी ‘डंजन मास्टर्स गाइड’ आणि ‘मॉन्स्टर मॅन्युअल’. २०१४ चं हँडबुक ३२० पानांचं होतं, २०२४ चं ३८४. या विभागणीला खेळातलं कारण आहे, खेळाडूंना मॉन्स्टरचे आकडे आधीच कळू नयेत. पण त्यात धंद्याचाही हिशोब आहे. एका टेबलावर गेम चालवणारा एक आणि खेळाडू चार-पाच, म्हणजे सगळ्यांना हवं असणारं पुस्तक वेगळं काढलं की त्याच्या प्रती जास्त खपतात. ‘पाथफाइंडर’ या डीअँडडीसारख्याच गेमच्या दुसऱ्या आवृत्तीने २०१९ मध्ये उलट करून पाहिलं. खेळाडूचं आणि गेम मास्टरचं (गेम चालवणाऱ्याचं) सगळं मिळून ६४० पानांचं एकच कोअर रूलबुक काढलं. २०२३ च्या रीमास्टरमध्ये, म्हणजे नव्याने लावलेल्या आवृत्तीत, मात्र त्याचे ‘प्लेयर कोअर’ आणि ‘जीएम कोअर’ असे दोन भाग झाले. एवढा ठोकळा टेबलावर एकाच्या हातात गेला की बाकीच्यांनी ताटकळत बसायचं, त्यामुळे मला तो बदल पटतो.

मांडणीचा फरक कळायला डीअँडडीच्या २०१४ च्या हँडबुकमधला स्पेल (जादूचा मंत्र) शोधून बघा. विझार्डच्या (जादूगाराच्या) खेळाडूला तिसऱ्या लेव्हलचा स्पेल निवडायचाय. क्लासनुसार, म्हणजे विझार्डसारख्या पात्राच्या प्रकारानुसार, यादी एका ठिकाणी आणि तिच्यात नुसती नावं. वर्णनं पुढे, सगळ्या क्लासची एकत्र, इंग्रजी वर्णक्रमाने. एक बोट यादीत अडकवायचं, दुसऱ्या हाताने पानं उलटायची, वाचायचं, नको म्हणून परत यादीत यायचं. शेवटच्या सूचीत जावं तर टाइप बारीक, आणि कित्येक शब्दांपुढे पानाच्या आकड्याऐवजी ‘अमुक पाहा’. २०२४ च्या आवृत्तीत स्पेलच्या याद्या त्या त्या क्लासच्या प्रकरणात आल्या आणि शेवटी नियमांचा वर्णक्रमाने कोश जोडला गेला. नियमांमधले बाकीचे बदल आवडोत न आवडोत, जुनी प्रत कमी दरात मिळत असली तरी मी या दोन सुधारणांसाठी नवीच घ्यायला सांगेन. तुमचा गट आधीपासून जुन्या नियमांवर खेळत असेल तर गोष्ट वेगळी.

स्टार्टर डबा या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला. डीअँडडीच्या २०१४ च्या स्टार्टर सेटमध्ये ३२ पानी नियम, ६४ पानी साहस (खेळायची तयार गोष्ट), पाच तयार कॅरेक्टर शीट (पात्राची माहिती लिहिलेले कागद) आणि फासे होते. स्वतःचं पात्र घडवायचे नियम डब्यात नव्हते. पात्र घडवण्यातच पहिली संध्याकाळ संपते आणि खेळ सुरूच होत नाही, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना त्यामागचा विचार लगेच कळेल. माझ्या मते त्याहूनही हुशारीने बांधलेला डबा म्हणजे ‘कॉल ऑफ क्थुलू’ या भयखेळाचा स्टार्टर सेट. त्यातली पहिली पुस्तिका एकट्याने खेळायचं साहस आहे. वाचत जायचं, निर्णय घ्यायचा, सांगितलेल्या परिच्छेदावर जायचं, आणि जाता जाता फासे कधी व कसे टाकायचे ते अंगवळणी पडतं. ‘पाथफाइंडर’च्या बिगिनर बॉक्समध्येही खेळाडूची पुस्तिका अशीच एकट्याच्या साहसाने सुरू होते.

डब्याची खोट एकच, तो लवकर संपतो. साहस खेळून झालं की हातात उरतात फासे आणि कोपरे दबलेलं खोकं. प्रकाशकालाही तेच हवं असतं, कारण पुढची पायरी म्हणजे ते जाड खंड. तरीही गटातल्या कुणीच आधी खेळलेलं नसेल तर दुसरा विचार न करता डबा घ्या.

पातळ पुस्तिकांकडे मात्र लोक उगाच दुय्यम म्हणून बघतात. मांडणीचं खरं डोकं आज तिथेच चालतंय. गॅविन नॉर्मन यांचं ‘ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स’ हे १९८१ च्या डीअँडडी बेसिक-एक्स्पर्ट नियमांचं नव्याने लावलेलं रूप आहे. समोरासमोरची दोन पानं हेच तिथे मोजमाप. एखादा क्लास उघडला की त्याचं वर्णन आणि लेव्हलचा तक्ता एका नजरेत येतो, पान उलटावं लागत नाही. वाक्यंही तोडून, ठळक शब्द पुढे काढून लिहिलेली. तोच मजकूर दोन रूपांत विकला जातो: एका खंडात, किंवा डब्यात पाच वेगळ्या पुस्तकांत. शेल्फवर खंड शोभतो. खेळायला पाच पुस्तकं बरी, कारण स्पेलचं पुस्तक मॅजिक-यूजरच्या खेळाडूकडे सरकवता येतं आणि मॉन्स्टरचं आपल्यापाशी उघडं ठेवता येतं.

‘मदरशिप’ हा अंतराळातला भयखेळ २०१८ मध्ये अशाच पुस्तिकेतून आला. त्याची कॅरेक्टर शीट मुद्दाम बघण्यासारखी आहे. पात्र घडवायच्या पायऱ्या शीटवरच बाणांनी जोडून छापल्या आहेत. बाणामागून जात रकाने भरले की पात्र तयार, पुस्तक उघडायची गरज फारशी पडत नाही. पुस्तिका बारीक असली की खेळही तोकडा असणार, हा समज ही एक शीट पाहिल्यावर टिकणं कठीण आहे.

आता ‘मॉर्क बॉर्ग’ हा गेम. पेले निल्सन आणि योहान नोर यांच्या या २०२० च्या पुस्तकात भडक पिवळा, काळा, मधेच गुलाबी, आणि पानागणिक बदलणारी अक्षरं. बघायला अफाट. ऐन खेळात नियम शोधायला डोळ्यांना शिक्षा. गंमत म्हणजे हे त्यांनाही ठाऊक असावं, कारण चित्रं आणि नखरे काढून टाकलेली नियमांची ‘बेअर बोन्स’ आवृत्ती फुकट मिळते. ती छापून टेबलावर ठेवावी, पिवळं पुस्तक मनसोक्त चाळायला.

कागदावर घेत असाल तर बांधणी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. पुस्तकाचा कणा वरून बघा. घडी घातलेल्या फर्म्यांचे (पानांच्या छोट्या गठ्ठ्यांचे) झुबके दिसत असतील आणि मधल्या पानांत दोरा दिसत असेल तर शिलाई आहे, पुस्तक टेबलावर उघडं पडून राहील. सगळी पानं सुटी आणि गोंदाने चिकटवलेली असतील तर ते सारखं मिटत राहणार, आणि रोजच्या वापरात पानं निखळायची भीती. ड्राइव्हथ्रूआरपीजी या ऑनलाइन दुकानात मागणीनुसार छापून मिळणारी पुस्तकं बहुतेक गोंदाचीच असतात. ६४ पानांची पिन मारलेली पुस्तिका त्यापेक्षा मुकाट उघडी राहते.

पीडीएफचा मुद्दा प्रकाशकागणिक बदलतो. डीअँडडीचे सध्याचे मुख्य खंड पीडीएफमध्ये विकले जात नाहीत. डिजिटल प्रत डीअँडडी बियाँड या अधिकृत साइटवरच्या खात्याला बांधलेली असते, म्हणजे खातं आहे तोवर पुस्तक आहे. ‘पाथफाइंडर’ची प्रकाशक पायझो पीडीएफ विकते, शिवाय ‘पाथफाइंडर’चे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर अधिकृतपणे फुकट वाचता येतात. काही प्रकाशक बिट्स अँड मॉर्टर योजनेत आहेत. त्यात सामील दुकानातून छापील प्रत घेतली की पीडीएफ वर पैसे न देता मिळते. ‘आयर्नस्वॉर्न’ची मूळ पीडीएफ तर पूर्ण फुकट आहे आणि तो एकट्यानेही खेळता येतो, म्हणून गट जमेपर्यंत हात बसवायला उत्तम.

जाड खंडांवरच मन बसलं असेल तर तिन्ही एकदम उचलू नका. जानेवारी २०२३ मध्ये, इतरांना नियम वापरू देणाऱ्या परवान्यावरून उठलेल्या गदारोळानंतर, डीअँडडीचा एसआरडी ५.१ (मूळ नियमांचा संच) क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सर्वांना खुला झाला आणि २०२५ मध्ये नव्या नियमांचाही झाला. त्यात शेकडो मॉन्स्टर आहेत. हँडबुक छापील घ्या, मॉन्स्टर एसआरडीतून काढा, जे लढणार आहेत तेवढ्यांचीच पानं छापा. ‘डंजन मास्टर्स गाइड’ दोन-तीन महिने खेळल्यावर घेतलं तरी काही अडत नाही.