‘फेम्टो’ लेझरच्या नावाखाली 16,65,000 चा गंडा: उद्यमबागेतल्या शेडवाल्यांनो, वाचा

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. बेळगावच्या उद्यमबागेत 22 वर्षं शेड चालवतोय. हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल, स्लीव्ह, नोझलच्या प्लेटी ही माझी रोजची भाकरी. ओटीपी सांगून पैसे घालवणाऱ्यांची बातमी वाचून मी हसायचो. आता माझी गोष्ट ऐकून शेजारचे गालात हसतात. हसू देत. पण दुसरा कोणी यात सापडू नये म्हणून लाज सोडून लिहितोय.

झालं असं की एका गिऱ्हाईकाने नोझल प्लेटचं ड्रॉइंग दिलं. एसएस 316 (स्टेनलेस स्टील), जाडी 0.3 मिलिमीटर, भोक 80 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि खाली ठळक अक्षरांत ‘बर चालणार नाही’, म्हणजे भोकाच्या कडेला धातूची खरखरीत कड नको. एवढं बारीक भोक ड्रिलने पाडायचं म्हणजे ड्रिलच मोडतं. ईडीएमने, म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी, पाडलं तर कडेला वितळून पुन्हा गोठलेल्या धातूचा थर राहतो. तो घासत बसलो तर भोकाचं माप जातं. म्हणून लेझरची चौकशी सुरू केली. चौकशी केली की फोन येतात, हे तुम्हाला माहीतच आहे.

तो माणूस महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातला. गोड बोलायचा. “सर, साधं फायबर लेझर घेऊ नका, ते नॅनोसेकंदचं. तुम्हाला फेम्टो पाहिजे. आमच्याकडे एक वापरलेलं आलंय, 300 फेम्टोसेकंदचं.” हा आकडा लेझरच्या एका दणक्याचा, म्हणजे पल्सचा, वेळ. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, आणि फेम्टोसेकंद त्याचाही दहा लाखावा. त्याच्या गाळ्यात भिंतीवर 2018 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलची चौकट लावलेली होती. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू या दोघांनी 1985 साली काढलेली युक्ती त्याने मला कागदावर काढून दाखवली: पल्स आधी ताणायची, ताणलेल्या अवस्थेत वाढवायची, मग पुन्हा आवळायची, म्हणजे यंत्रातल्या आरशांचं नुकसान होत नाही आणि ताकद अफाट मिळते. चोर खरा, पण शिकवायला चांगला होता. गंमत म्हणजे त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटी होती ती फक्त टेबलावरची पेटी.

फेम्टोचं महत्त्व मला पटलं तेही खऱ्या कारणानेच. गरम तव्याला बोट टेकवून लगेच उचललं तर चटका बसत नाही, तसंच काहीसं आहे हे. लेझरचा प्रकाश धातूवर पडला की उष्णता आधी इलेक्ट्रॉनला मिळते. त्यांच्याकडून ती अणूंच्या जाळीत उतरायला काही पिकोसेकंद (एक पिको म्हणजे हजार फेम्टो) लागतात. पल्स त्याआधीच संपली तर तेवढाच कण उडून जातो आणि आजूबाजूचा धातू जवळजवळ थंडच राहतो. वितळणं नाही, म्हणजे बर नाही. नॅनोसेकंदच्या पल्सला मात्र वेळच वेळ असतो. ती धातू वितळवते आणि वितळलेला माल कडेला ढकलते. हे मी तिथेच शिकलो, आणि तिथेच विसरलो.

आता तो क्षण. रात्री तीन वाजता अजून उठून बसतो ह्या क्षणामुळे.

डेमोला मी माझीच प्लेट नेली होती, कोपऱ्यात निळ्या मार्करने टिंब घालून. चांगला शहाणा होतो की! मशीन चालू झालं, पिवळ्या ठिणग्या उडाल्या, भोकं पडली. त्याने प्लेट लगेच उचलून मायक्रोस्कोपखाली धरली. स्क्रीनवर भोकांच्या कडा कशा, काचेसारख्या! मग प्लेट माझ्या हातात दिली. मी सवयीने अंगठ्याचं नख भोकावरून फिरवलं. 22 वर्षं स्पूलच्या कडा मी नखानेच तपासतो. कामावर नवीन पोरगा लागला की आधी तेच शिकवतो.

नख अडलं.

अडलं हे मला कळलं. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा. तो म्हणाला, “सर, ती वर बसलेली पावडर आहे, आयपीएने पुसली की जाते.” (आयपीए म्हणजे पुसायचं एक प्रकारचं स्पिरिट.) आणि मी मान डोलावली. बर आणि पावडर यातला फरक ज्या माणसाला झोपेतही कळतो, त्याने मान डोलावली. का? कारण मी दोन तास फेम्टो-पिको ऐकत बसलो होतो, आणि इतक्या शिकलेल्या माणसाला नखाचं कसं सांगायचं असं वाटलं. दुसरी गोष्ट परत येताना निपाणी गेल्यावर गाडीत आठवली: स्क्रीनवरच्या चित्रात निळं टिंब नव्हतं. ते चित्र माझ्या प्लेटचं नव्हतंच. तरी मी स्वतःला समजावलं की कोपरा दिसला नसेल.

त्याच्या टेबलावर नमुन्यांची एक डबी होती. काडीपेटीतल्या काडीच्या गुलावर न पेटता कोरलेली अक्षरं वगैरे. अशी कामं चांगल्या फेम्टोवर होतात. पण ती कुठे केली, कोणी केली, हे विचारायचं सुचलं नाही. नमुना डबीतला असेल तर त्याला किंमत शून्य. तुमच्यासमोर, तुमच्या मालावर, तुमच्या भिंगाखाली.

सौदा 22 लाखांवरून 18,50,000 वर आला. (घासाघीस करून साडेतीन लाख वाचवले म्हणून वाटेत तवंदीच्या घाटात मिसळ खाल्ली, तीही त्याच्या नावाने.) फर्मच्या खात्यात 3,77,600 भरायला सांगितले, तेवढंच बिल: मशीन 3,20,000 आणि 18 टक्के जीएसटी 57,600. बाकीचे 12,87,400 ‘इम्पोर्टरच्या’ वैयक्तिक खात्यात. उरलेले 1,85,000 मशीन बसवल्यावर. आता लोक विचारतात, दोन खाती कशी चालली तुला? अहो, आपल्या धंद्यात अर्ध्या व्यवहारांचं असंच असतं, उगीच साधू बनू नका. पण एवढं ध्यानात ठेवा: ई-वे बिलावर मशीनची किंमत 3,77,600 लिहिलेली असताना तुम्ही साडेसोळा लाख मोजत असाल, तर कागद खरं बोलतोय आणि विकणारा खोटं. बाजारात धातूवर नाव-नंबर कोरायचं 20 वॅटचं साधं मार्किंग मशीन साधारण त्याच भावात मिळतं.

खंडेनवमीच्या चार दिवस आधी पेटी आली. भाडं 14,500, हमाली 2,200. लेझर गार ठेवणारा चिलर नव्हता. विचारलं तर “नव्या पिढीला लागत नाही सर.” पंख्यावर चालणारं फेम्टो! पूजा झाली, हार घातला, नारळ फोडला आणि पहिल्याच दिवशी गिऱ्हाईकाच्या 40 प्लेटी वाया गेल्या. प्रत्येक भोकाला कड. तो फोनवर सांगतोय, फोकस बदला, स्पीड वाढवा, पॉवर कमी करा. आठ दिवस हेच. नवव्या दिवशी फोन बंद.

दिवाळीला भाचा आला, पुण्याला भौतिकशास्त्रात एमएस्सी करतो. मशीनकडे बघून पहिला प्रश्न विचारला, “मामा, काचेवर मारून बघितलासा काय?” शाळेच्या प्रयोगशाळेतली स्लाइड आणली, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठेवली आणि ‘श्री’ मारला. काच कोरी करकरीत. खालच्या पट्टीवर मात्र सुंदर ‘श्री’. भाचा म्हणाला, खऱ्या फेम्टोच्या पल्समध्ये क्षणभराची ताकद एवढी असते की पारदर्शक काचसुद्धा प्रकाश शोषते आणि तिच्या पोटात खूण उमटते. साध्या मार्किंग मशीनचा इन्फ्रारेड प्रकाश मात्र काचेतून पार निघून जातो. पाच रुपयांची स्लाइड! डेमोला जाताना खिशात घेऊन जा, एवढंच करा.

मग भाच्याने मशीनवरच्या लेबलाची कड नखाने सोलली. खालून दुसरं लेबल निघालं: 20 वॅट, 1064 नॅनोमीटर, 100 नॅनोसेकंद. वरच्या लेबलवरही प्रकाशाच्या तरंगलांबीचा आकडा 1064 च होता. कामाच्या बहुतेक फेम्टो लेझरवर 1030 च्या आसपासचा आकडा असतो, तो बदलायचेही कष्ट विकणाऱ्याने घेतले नव्हते. 300 फेम्टोसेकंदात प्रकाश 90 मायक्रॉन जातो, म्हणजे माझ्या भोकापेक्षा जरासा जास्त. 100 नॅनोसेकंदात 30 मीटर, म्हणजे माझी अख्खी शेड ओलांडून रस्त्यावर. तीन लाख तेहतीस हजार पटींचा फरक मी लेबल वाचून विकत घेतला.

आणि हो, मायक्रोस्कोपची थाप सांगायची राहिली. विकणारा म्हणाला होता, “सर, काम नसेल तेव्हा हाच सोर्स मायक्रोस्कोपला जोडा, मेडिकल कॉलेजांना तासाला 2,000 रुपयांनी द्या.” मी वहीवर महिन्याचा हिशोबही मांडला होता. टू-फोटॉन मायक्रोस्कोपी खरी आहे. 1990 साली कॉर्नेलमध्ये डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी दाखवली. दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, एकाच वेळी एकाच रेणूवर पडले तरच तो चमकतो, म्हणून फक्त फोकसच्या बिंदूवर उजेड दिसतो आणि जिवंत पेशींच्या खोलवर बघता येतं. पण त्याला सेकंदाला आठ कोटींच्या आसपास अगदी चिमुकल्या पल्स लागतात, प्रत्येक साधारण 100 फेम्टोची. माझं मशीन सेकंदाला हजारोच दणके देणारं, तेही मोठे. भाचा म्हणाला, “ह्यात पेशी दिसणार नाही मामा, भाजून निघेल.” एकाच पेटीत सगळं जमतं असं कोणी म्हणाला की उठा आणि चहा न पिता निघा.

पोलिसांचं काय विचारता. पहिल्या दिवशी ठाण्यात ऐकलं, “कन्नडदाग बरद कोडरी.” म्हणजे कन्नडमध्ये लिहून द्या. बरं. कोर्टाबाहेर 300 रुपये देऊन कन्नडमध्ये लिहून घेतलं. लिहिणाऱ्याने लेझर मशीनचं ‘प्रिंटिंग मशीन’ केलं. ते वाचून साहेब म्हणाले, प्रिंटिंग मशीन चालतंय की नाही? चालतंय, पण... मग हे सिव्हिल मॅटर आहे. दुसऱ्या दिवशी, नाळे बर्री, म्हणजे उद्या या. तिसऱ्या दिवशीही नाळे बर्री. चौथ्या दिवशी सांगितलं, माणूस महाराष्ट्रातला, तिकडं जावा. तिकडं गेलो. तिथले साहेब मराठीत बोलले म्हणून बरं वाटलं, पण उत्तर तेच: पैसे बेळगावातून गेले ना, मग बेळगावातच करा. सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात 2004 पासून पडून आहे. माझा दावा त्याच सीमेवर दोन ठाण्यांच्या मध्ये. वकिलाने सांगितलं की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्याला घ्यावी लागते. ते कलम छापून नेलं. साहेबांनी बघितलं आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

बँकेत गेलो, तर पैसे जाऊन 31 दिवस झालेले, समोरच्या खात्यात 1,140 रुपये शिल्लक. संशय आला त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरला फोन करा, माझ्यासारखं ‘जरा थांबू, फोन लागेल’ करू नका. ग्राहक आयोगाचा विचार केला तर वकील म्हणाले, धंद्यासाठी घेतलंय, 2019 च्या कायद्यात तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः एकटा राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण माझ्याकडे सहा कामगार. सहा जणांना रोजगार देतो म्हणून मी ग्राहक नाही! नोटिशीचे 3,500 गेले, ती ‘पत्त्यावर नाही’ शेरा घेऊन परत आली.

पतसंस्थेचे 9,00,000 अजून डोक्यावर आहेत, महिन्याला 20,020 चा हप्ता. घरात याविषयी कोणी बोलत नाही, तेच जास्त लागतं. नोझलचं काम आता बंगळुरूच्या एका जॉबवर्कवाल्याकडून खऱ्या फेम्टोवर करून घेतो. परवा त्याच्या प्लेटीवरून नख फिरवलं. सुळकन गेलं.

माझ्या मशीनवर सध्या लग्नाच्या आहेराच्या भांड्यांवर नावं घालतो. भांड्याला 15 रुपये. हिशोब केलाय, 16,65,000 वसूल व्हायला एक लाख अकरा हजार भांडी लागतील. काल संध्याकाळपर्यंत 412 झाली.