नीलमेड सायनस रिन्स: बाटली चांगली, पाणी मात्र उकळलेलंच

जुनाट सायनस आणि नाकातल्या पॉलिपसाठी (आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या मऊ गाठी) नाक धुण्याची ही २४० मिलीची दाबायची बाटली आम्हाला जलनेतीच्या लोट्यापेक्षा उजवी वाटते. लोट्यातलं पाणी आपल्या भाराने वाहतं, इथे हाताचा दाब मिळतो आणि घट्ट चिकटलेला शेंबूड सुटतो. पण पॉलिप पाण्याने आकसत नाही. ते काम मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडच्या नाकात मारायच्या फवाऱ्याचं. बाटली त्याची वाट झाडून देते, एवढंच.

खरी जोखीम पाण्याची. घोडबंदरला टँकरचं असो की नेरूळला मोरबे धरणाचं, ते सोसायटीच्या टाकीतूनच घरात येतं. आरओचं पाणीही निर्जंतुक नसतं. अमेरिकेतल्या लुइझियानात २०११ साली नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे नेग्लेरिया फाउलेरी या अमीबाने दगावले. हा अमीबा पोटात गेला तर काही होत नाही, नाकातून मात्र थेट मेंदू गाठतो. म्हणून पाणी खळखळून किमान १ मिनिट उकळा, झाकून कोमट होऊ द्या. उरलेलं झाकून ठेवून २४ तासांत संपवा.

बाटलीसोबतच्या पुडीत मीठ आणि खाण्याचा सोडा असतो. बाटलीवरच्या रेषेपर्यंत पाणी, त्यात एक अख्खी पुडी. काटकसर म्हणून अर्धी टाकली की पाणी अळणी होतं आणि नाक चरचरतं. रोज वापरायचं तर पुड्यांचा खर्च जाणवतोच. घरी करताना लिटरला ९ ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ काट्यावर मोजून घ्या, वर चिमूटभर खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर चालत नाही.

बेसिनवर वाका, तोंड उघडं ठेवा, हळू दाबा. निम्मं पाणी एका नाकपुडीत, निम्मं दुसऱ्या. पकड सैल करण्याआधी टोक नाकातून काढा, नाहीतर नाकातलं पाणी परत बाटलीत ओढलं जातं. नंतर डोकं खाली झुकवून साचलेलं पाणी गळू द्या, जोरात शिंकरू नका. कानात दडे बसतात. १०-१५ मिनिटांनी फवारा: डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, रोख त्याच बाजूच्या कानाकडे. मधल्या पडद्यावर मारल्याने घोळणा फुटतो. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि चार दिवसांत सोडून देणाऱ्यांचीच इथे फसगत होते.

उणीव एकच, पण मोठी: आतली नळी नीट सुकत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. बाटली, नळी, टोपण सुटं करून, साबणाने धुऊन उघडं वाळवा. ३ महिन्यांनी बाटली बदला. पुड्या हवाबंद डब्यात ठेवा.

नाक पूर्ण चोंदलेलं असताना जोर लावू नका, पाणी कानाकडे जातं. झायलोमेटाझोलिनचे (चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध) थेंब टाकून ते उघडायची सवयही नको. पाचेक दिवसांपुढे त्यांनीच नाक उलट बंद होतं. सायनसचं ऑपरेशन झालेल्यांना बाटलीचा फायदा सगळ्यात जास्त, कारण उघडलेल्या सायनसमध्ये पाणी आत पोचतं. ब्युडेसोनाइड हे स्टेरॉइड बाटलीतल्या पाण्यात मिसळायचं तर डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच. एकाच बाजूचं नाक सतत बंद असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर बाटली विकत घेण्याआधी दुर्बिणीने तपासून घ्या.